रिकामा फ्लॅश

वृषालीचं माहेरचं नाव धोंडाबाई. निरगुडसरच्या सुदर्शननं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'वृषाली' असं लिहिलं, तेव्हा तिनं मुंडावळ्या बाजूला सारून ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. झालं, बाई बदलली. नावं बदलायला काही लागत नाही. एक ताट तांदूळ पुरतो. बाकीची बाई मात्र बरीच वर्षं धोंडाबाईच राहिली. भाकरी थापणारी, डार्करूममध्ये फोटो धुवून दोरीवर वाळत घालणारी, आणि नवरा एका मुहूर्ताला दोन लग्नं धरून बसला की दुसरा कॅमेरा गळ्यात अडकवून दुसऱ्या लग्नाला पळणारी.

मंचरला बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचा स्टुडिओ होता. पोरीच्या नावानं, 'समृद्धी फोटो'. दोन हजार चार सालच्या दिवाळीत सुदर्शननं पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणला, स्कॅनर आणला, प्रिंटर आणला. आणून देणाऱ्या माणसानं त्यात फोटोशॉप घातलं, एका फोटोचा मागचा पडदा बदलून दाखवला, चहा घेतला आणि गेला. तो पुन्हा कधी आलाच नाही. सुदर्शननं आठ दिवस माऊसशी कुस्ती केली आणि मग व्हिडिओचा कॅमेरा उचलून म्हणाला, "हे तूच बघ. मला बसून कामं जमत न्हाईत."

वृषाली दहावी पास. इंग्रजीत पस्तीस, तेही बाईंनी हात सैल सोडला म्हणून. एकदा चुकून तिचं बोट एफ-वनच्या बटणावर पडलं आणि पडद्यावर एक वेगळीच खिडकी उघडली. मदत. पानंच्या पानं इंग्रजी. तिनं ती खिडकी तीनदा बंद केली, चौथ्यांदा समृद्धीची शाळेची डिक्शनरी मांडीवर घेतली आणि वाचायला बसली. एक ओळ, एक चहा, अशा वेगानं. शंभर पानी वही केली, वर लिहिलं 'मदत', आणि इंग्रजीतलं आपल्या भाषेत उतरवायला लागली. तिला त्या मदतीची बोलण्याची रीतच फार आवडली. दर दुसऱ्या ओळीला, तुम्ही हे करू शकता, तुम्ही ते करू शकता. सासरी इतक्या वर्षांत तिला कुणी एवढ्या वेळा 'तुम्ही करू शकता' म्हटलं नव्हतं. 'तुम्ही' तर मुळीच नाही.

"तुझा गुरुजी आला का गं?" सुदर्शन आत डोकावून विचारायचा.

"आलाय. तुमच्यापेक्षा बरा हाय. एकच गोष्ट धा वेळा विचारली तरी खेकसत न्हाई."

त्या मदतीतूनच तिला एक छोटी पाटी सापडली. पडद्याच्या कोपऱ्यात बसणारी. फोटोवर माऊस फिरवला की त्या ठिपक्याचा रंग ही पाटी आकड्यांत सांगायची: लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे उजेडच नाही, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरं फट्ट. वृषाली तिला माहितीची पाटी म्हणायची. तिच्या नजरेला हळूहळू ह्या पाटीची सवयच लागली. गिऱ्हाईक म्हणे, बाई, जरा गोरं करा. ती मान हलवे आणि आकडे बघत बसे. हजारेक चेहऱ्यांवर माऊस फिरवून झाल्यावर तिला एक गोष्ट ध्यानात आली होती, ती कुठल्या पानावर लिहिलेली नव्हती, म्हणून तिनं वहीत स्वतःच लिहिली: 'माणसाच्या कातडीत लाल सगळ्यात वर, हिरवा त्याच्या खाली, निळा त्याच्याही खाली. गोरा असो सावळा असो, उतरण तीच.'

गावोगावची माणसं तिच्याकडं यायची ती बहुतेक मेलेल्यांसाठीच. दहाव्याला भिंतीवर फोटो लागतो आणि घरात फोटो नसतो. मग रेशनकार्डावरचा, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत जेवत बसलेला असा एक नखाएवढा चेहरा घेऊन माणसं यायची. वृषालीनं कॉम्प्युटरात दोन धडं तयार ठेवली होती. पुरुषांसाठी फेटा आणि कोट, बायांसाठी निळं लुगडं आणि हातभर बांगड्या. चेहरा काढायचा, धडावर बसवायचा, मागं ढग सोडायचे. अवसरीपासून पार लोणीपर्यंत भिंतीभिंतींवर एकच कोट घातलेले म्हातारे टांगलेले होते. कुणाची काही तक्रार नव्हती. जन्मात कोट न घातलेला बाप कोटात बघून लेक रडायचाच.

दोन हजार सहाच्या श्रावणात सरुबाई आली.

बाजारचा दिवस होता. दारात आधी एक घोंगडी दिसली, मग तिच्याखालची बाई. पन्नाशीची वाटे, पण असेल चाळीस-पंचेचाळीसची. मेंढरामागं हिंडणाऱ्या बायकांचं वय उन्हानं आधीच खाल्लेलं असतं. पायातल्या वहाणा तिनं उंबऱ्याबाहेर काढल्या.

"वळाखलं का बाई?"

वृषालीनं ओळखलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "या ना, बसा. वळाखलं की."

"जालिंदरची आई मी. दोन वर्षांमागं अवसरी बुद्रुकला लगीन नव्हतं का, तुमीच फोटू काढाय आल्त्या. नवरदेवाकडलं आमी. सरुबाई."

आता आठवलं. वैशाखातलं लग्न, गोरज मुहूर्त. त्या दिवशी सुदर्शननं घोडेगावचं मोठं लग्न धरलं होतं आणि हे धनगरांचं लग्न बायकोच्या गळ्यात टाकलं होतं.

सरुबाईनं कमरेची पिशवी सोडली. आतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो निघाला. अल्बमातून उचकटलेला, मागं डिंकाचे पापुद्रे. नवरानवरी समोर उभी, अंतरपाट नुकताच बाजूला झालेला, अंगावर अक्षता. जालिंदरच्या कपाळाला हातभर उंच बाशिंग. त्याच्या मागं करवली, हातात नारळ ठेवलेला करा. कऱ्यावरचा हात लख्ख दिसत होता. पण फ्लॅश समोरून पडलेला, नि त्या बाशिंगाची सावली बरोबर करवलीच्या तोंडावर. हनुवटीच्या वर नुसता काळा डाग.

"ही माझी प्रांजल," सरुबाई म्हणाली. "नाव शाळेत मास्तरांनी ठिवल्यालं. आमी बाळीच म्हनायचो. गेली."

"कधी?"

"औंदा पावसाच्या तोंडावर. कोकनातनं माळशेज चढून वर आलो, मढ गावापाशी वाडा बसवला व्हता मेंढरांचा. पाटं कोकरं सोडाय उठली, जाळीपाशी पान लागलं, इख उतरलंच न्हाई. बारा वर्साची." तिनं हे अगदी सरळ सांगितलं, कुठं पाणी भरलं कुठं मुक्काम केला ते सांगावं तसं. "शाळा दुसरीतच सुटली, सारखं फिरायचं. कुटं फोटू न्हाई तिचा. ह्यो एकच."

"ह्यात तोंड दिसत नाही हो, सरुबाई."

"ते ठाव हाय मला. म्या ह्याच्यासाठी न्हाई आले." तिनं घोंगडी सारखी केली. "तुमी तिचा एकलीचा काढला व्हता ना! मांडवाच्या मेढीला हुबी करून. मी तिथंच व्हते की. त्यो अलबमात आलाच न्हाई. बाळी दोनदा सगळी पानं उलटून बघून गेली. म्हनली, आई, माझा बाईंकडं ऱ्हायला. मी म्हनलं, आसंल, जाऊ कवातरी. मग रोजच हे मेंढरामागं... जाऊ जाऊ म्हनता ऱ्हायलं. त्यो द्या."

वृषालीच्या हातातला माऊस थांबला.

त्या रात्रीच्या लग्नात तिच्याकडं एकच रोल होता. छत्तीस फोटो. पाठवणीसाठी, सूनमुखासाठी चार राखायला लागतात, ते राखले होते. आणि ही पोर मघापासून तिच्या पदराला धरून. पिवळा परकर-पोलका, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, एका वेणीची लाल रिबीन सुटलेली. "बाई, माझा एकलीचा काढा ना. वो बाई." सगळ्याच लग्नात अशी पोरं असतात. अशांसाठी सुदर्शननं तिला पहिल्याच लग्नात शिकवून ठेवलं होतं: "न्हाई म्हनायचं न्हाई. उभं करायचं, हस म्हनायचं, आनि कॅमेऱ्याचं बटण सोडून फ्लॅशचंच बटण दाबायचं. उजेड पडतो, रोल जळत न्हाई, आनि मानसाचं मन मोडत न्हाई." फ्लॅशच्या पाठीवर ते छोटं लाल बटण असे. ह्या धंद्यातला एकजात प्रत्येकजण ते दाबायचा. त्याला रिकामा फ्लॅश म्हणायचे. उरलेले चार फोटो राखायचे म्हणून वृषालीनंही पोरीला मेढीपाशी उभी केली, सुटलेली रिबीन बांधली, "हस" म्हणाली, आणि लाल बटण दाबलं.

"आला का?" पोरीनं विचारलं होतं.

"आला."

आता हे सरुबाईला कसं सांगायचं? वृषाली म्हणाली, "बघते. जुने निगेटिव्ह माळ्यावर हायेत. शोधावं लागंल."

"शोधा. मी पुढल्या बाजारी येते." सरुबाई उठली, पण गेली नाही. दाराची चौकट धरून म्हणाली, "बाई, तिचं तोंड इसरायला लागलंय मला. रोज थोडं थोडं जातंय. कपाळ आटवतं तर नाक न्हाई आटवत. जालिंदरच्या बापानं सोनाराकडनं टाक करून घेतला चांदीचा, देवात ठिवायला. पर टाकाला तोंड सगळ्यांचं सारखंच. तिच्यावानी दिसंना त्यो. लवकर बघा."

मग तिनं वहाणा घातल्या आणि ती बाजाराच्या गर्दीत शिरली.

वृषालीनं माळ्यावरचा डबा काढलाच. नाही हे ठाऊक असताना काढला. पाकिटावर तारीख होती, अवसरी होतं. एकेक पट्टी खिडकीशी धरून तिनं मोजली. छत्तीस. हळद, देवक, वरात, मुहूर्त, जेवणावळी, सूनमुख. मेढीपाशी उभी असलेली पोर कुठंच नाही. मुहूर्ताच्या पट्टीवर तेवढी करवली होती. पण निगेटिव्हवर जिथं उजेड पोचलेला नसतो तिथं काहीच उमटत नाही, तिथली पट्टी कोरी राहते. जालिंदरच्या बाशिंगामागं तसंच एक नखाएवढं कोरं भोक होतं. त्यातून बाहेरचं सुपारीचं दुकान दिसत होतं.

तरी तिनं फोटो स्कॅन केला. मशीनला जेवढं मोठं करता आलं तेवढं मोठं. करवलीचं डोकं पडदाभर झालं. मग माहितीची पाटी उघडली आणि माऊस त्या काळोखात नेला.

शून्य, शून्य, शून्य.

थोडा सरकवला. शून्य, शून्य, शून्य. गालाच्या जागी. कपाळाच्या जागी. डोळ्याच्या जागी. मग एकदम एक ठिपका: एक, शून्य, शून्य.

वृषालीनं श्वास रोखला. एक म्हणजे काहीतरी आहे. तिनं तो भाग उजळायला घेतला. वर ढकलला, आणखी ढकलला. काळ्यातून राखाडी वाळू वर आली, नुसती वाळू. तीत लाल-हिरवे कण. तिनं लांब जाऊन बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. एकदा वाटलं, नाक आहे. दुसऱ्यांदा बघितलं तर नाक डाव्या गालावर गेलं होतं.

एफ-वन. ती मदतीत शिरली. सावली, काळोख, तपशील, एकेक शब्द घालून शोधत गेली. त्या आठवड्यात दिवसाची वीज निम्मा वेळच असे. वीज गेली की ती डिक्शनरी घेऊन बसे, आली की पुन्हा वाचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका पानाच्या तळाशी चौकटीत एक सूचना सापडली. तिनं ती चार शब्द शोधून, पुन्हा पुन्हा वाचून वहीत उतरवली:

'जिथे तिन्ही आकडे शून्य आहेत, तिथे काही लपलेले नाही. तिथे काही नाहीच. उजळल्याने ते येणार नाही.'

'तुम्ही करू शकता' म्हणणाऱ्या त्या मदतीनं पहिल्यांदाच तिला नाही म्हटलं होतं. आणि तो एक? वरच्याच ओळीत होतं: असा एखादा आकडा म्हणजे स्कॅनरची काच, धूळ.

सुदर्शन व्हिडिओच्या वायरी गुंडाळत आत आला. वृषालीचा चेहरा बघून त्यानं पडद्यावर बघितलं.

"कोण हे?"

तिनं सांगितलं. रिकाम्या फ्लॅशचंही सांगितलं. तो स्टुलावर बसला, वायर मांडीवर ठेवली.

"मग आता? न्हाई म्हनून सांग. निगेटिव्ह खराब झाली म्हनावं."

"म्हंजे अजून एक रिकामा फ्लॅश."

"टोमणे मारू नको. तूच दाबलं होतंस बटण."

"मीच दाबलं. म्हनूनच तर."

त्यानं वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? तिचा भाऊ हाय की फोटोत समोर, सख्खा. त्याचं तोंड घे, मिशी पूस, हनुवटी बारीक कर. आईचा फोटो असंल तर तिचे डोळे घाल. दोघांचं मिसळून पोरगी होतीया. त्या पिंपळगावच्या म्हाताऱ्याला नव्हतं का त्याच्याच नातवावरनं केलं? घरची माणसं पाया पडली."

वृषालीनं कॉम्प्युटर बंद केला. पण दुसऱ्या दिवशी तो शूटिंगला गेल्यावर तिनं जालिंदरचा चेहरा कापून नव्या पानावर ठेवला. मिशी पुसली. भुवया पातळ केल्या. त्याच लग्नातल्या दुसऱ्या फोटोत सरुबाई होती, अक्षता टाकताना. तिचे डोळे घेतले. गाल भरले. दोन वेण्या रंगवल्या, लाल रिबिनी घातल्या. दोन दुपारी गेल्या त्यात. वृषालीच्या हाताला आता कसब होतं. वहीतलं सगळं कामाला लागलं. आणि दुसऱ्या दुपारच्या चहाच्या वेळेला पडद्यावर एक पोरगी उभी होती. बारा वर्षांची, सावळी, हसरी. तिनं गालावर माऊस नेला. लाल वर, हिरवा खाली, निळा त्याच्याखाली. उतरण बिनचूक. जिवंत माणसाची.

फक्त ही पोर कुणाचीच नव्हती.

वृषाली तिच्याकडं बघत बसली. सरुबाई हिला बघेल, आणि हीच म्हणेल. पिंपळगावची माणसं म्हणाली तशीच. दुसरं तिच्याजवळ काय आहे? कपाळ आठवतं तर नाक नाही. ह्या पोरीला कपाळ आहे, नाक आहे, सगळं आहे. सरुबाई फ्रेम घेऊन जाईल, रोज बघेल, आणि जे थोडं थोडं उरलंय त्याच्यावर ही येऊन बसेल. दिवाळीपर्यंत खरी बाळी पुरती पुसली जाईल. आणि वृषालीवर कुणी बोट ठेवणार नाही, उलट हात जोडतील.

तिनं आपल्या चेहऱ्याला पाणी लावलं. मग येऊन ती फाइल कचऱ्याच्या डब्यात ओढली. मशीननं विचारलं, नक्की? तिला तेवढ्यातही वाटलं, बघा, ह्याला तरी विचारायची पद्धत हाय.

बाजारच्या दिवशी सरुबाई दहा वाजताच आली. केस विंचरून, धुवट लुगडं नेसून. दहाव्याला फोटो न्यायला येतात तशी.

"घावला का वो?"

"बसा सरुबाई. आधी पाणी घ्या."

"पानी मागनं. घावला का?"

वृषालीनं दार लोटून घेतलं. ती समोर उभी राहिली. बसून सांगायचं तिला जमेना.

"तो फोटो नव्हताच. मी काढलाच नव्हता. रोल संपत आला होता, नि पोर तर मागं लागलेली. म्हनून नुसता फ्लॅश मारला. उजेड पडतो, पर फोटू निघत न्हाई. फसवलं मी तिला. माझं चुकलं, सरुबाई."

सरुबाईला ते लगेच पोचलं नाही. ती वृषालीच्या तोंडाकडं बघत राहिली, जसं काही पुढं अजून आहे, निगेटिव्ह कुठल्या डब्यात आहे ते.

"पर उजेड तर पडला व्हता," ती म्हणाली. "मी पाह्यला ना."

"उजेडच पडला व्हता. बाकी काय न्हाई."

बाहेर कोथिंबिरीच्या जुड्यांचा भाव ओरडत कुणीतरी गेलं. सरुबाईनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. तिनं विचारलं,

"मंग ती कुनाकडं बघून हसली?"

सरुबाई बसल्या जागी पुढं झुकली.

"तुमी कॅमेऱ्यातनं बघत व्हत्या की. तुमच्याकडंच बघून हसली ती. कशी दिसत व्हती, सांगा की! दात दिसत व्हते का? तिचा हितला दात किडल्याला, ती ओठ मिटून हसायची. ओठ मिटल्याला का उघडा?"

वृषालीनं डोळे मिटून बघितलं. मेढ आठवली. पिवळा पोलका आठवला. पण फ्लॅश मारताना ती पोरीकडं बघतच नव्हती. फ्लॅश भरला की त्याच्या पाठीवर लाल दिवा लागतो. ती त्या दिव्याकडं बघत होती. दिवा लागला, बटण दाबलं.

"मला न्हाई आठवत," ती म्हणाली. "मी दिव्याकडं बघत होते. फक्त रिबीन आठवती. एका येणीची सुटली होती, ती मी बांधली. केसांना खोबरेलाचा वास होता, आनि लोकरीचा."

"हां," सरुबाई म्हणाली. "लोकरीचा. धुतलं तरी जायचा न्हाई." आणि मग तिनं पदर तोंडात धरला.

वृषाली तिच्या शेजारी जमिनीवर बसली. कुणी कुणाला हात लावला नाही.

पदर काढल्यावर सरुबाई जायला उठली, तेव्हा वृषाली म्हणाली, "तोंड न्हाई निघत. आठ दिवस केलं, काळ्यात कायच न्हाई. पर हात निघालाय. बघता का?"

तिनं पडदा तिच्याकडं वळवला. करवलीचा हात, पडदाभर. काखोटीला करा, त्याच्या गळ्याशी वळलेली पाच बोटं, मनगटात हिरव्या काचेच्या चार बांगड्या नि एक लाखेची. मागचं सगळं वृषालीनं काढून टाकलं होतं. हाताला मात्र काही केलं नव्हतं. गोरा नाही, गुळगुळीत नाही. नखात मळ होता तो तसाच.

सरुबाई पडद्याजवळ गेली. करंगळीपाशी तिचं बोट थांबलं. करंगळी बाहेर वळलेली होती.

"दाव्यात आडकून मोडली व्हती," ती म्हणाली. "आठ वर्साची असताना. बोकड वढत गेला, हिनं दावं सोडलं न्हाई. वाकडीच बसली." तिनं आपली करंगळी पडद्यावरच्या करंगळीवर ठेवली. काच गरम होती. ती तशीच उभी राहिली. "ह्ये मी इसरले न्हाई बघा. ह्ये हाय मला ध्यानात."

वृषालीनं प्रिंट काढला. प्रिंटर सावकाश कुरकुरत हात बाहेर सोडत होता, आधी बांगड्या, मग बोटं. तो तिनं फ्रेममध्ये घातला. पैशाचा विषय सरुबाईनं काढला, तसा वृषालीनं हात जोडले, आणि तो तिथंच मिटला.

वहाणांपाशी जाऊन सरुबाई वळली.

"त्यो फ्लॅश हाय का आजून?"

"हाय. माळ्यावर."

"मारा की येकदा. मी तिच्या समोरच हुबी व्हते तवा. उजेडात लख्ख दिसली व्हती मला. मारून बघा."

वृषालीनं फ्लॅश उतरवला, धूळ पुसली, सेल घातले. खिडकीचा पडदा ओढला. सरुबाई भिंतीला पाठ लावून नाही, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बाळी जिथं असेल तिकडं बघत. लाल दिवा लागायला वेळ लागला. वृषालीनं ह्या वेळी दिव्याकडं बघितलं नाही, सरुबाईकडं बघितलं. बटण दाबलं.

कोरी भिंत एकदम पांढरी झाली आणि विझली.

"पुन्ना."

पुन्हा पांढरी झाली, पुन्हा विझली.

"येकदा अजून."

तिसऱ्यांदा उजेड पडला. सरुबाई जरा थांबली, पापण्या मिटून.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई येत."

तिनं फ्रेम घोंगडीत गुंडाळली, ओली होऊ नये म्हणून दोन घड्या जास्त घातल्या, आणि वहाणा घालून गेली. बोळाच्या तोंडाशी तिनं ती फ्रेम डाव्या काखोटीला घेतली, करवली करा धरते तशी.

वृषालीनं दार उघडंच ठेवलं. कॉम्प्युटरवर तो हात अजून तसाच होता. मदतीत तिनं एकदा वाचलं होतं की प्रत्येक फोटोच्या पोटात एक कोरा फॉर्म असतो, त्यात तुम्ही नाव आणि वर्णन लिहून ठेवू शकता. इतक्या फोटोंना तिनं तो कधी भरला नव्हता. तिनं तो उघडला. नावाच्या जागी लिहिलं: प्रांजल, बाळी. वर्णनाच्या चौकटीत एकेक अक्षर शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी, तिनं लिहिलं: 'पिवळा पोलका. लाल रिबीन, मी बांधली. हस म्हटल्यावर हसली. ओठ मिटलेले होते का उघडे, माहीत नाही. मी फोटो काढला नाही.'

तिनं सेव्ह केलं. मग माऊस करंगळीवर नेला आणि कोपऱ्यातल्या पाटीवर बघितलं. एकशे एकोणचाळीस, अठ्ठ्याण्णव, चौऱ्याहत्तर.

बोळातून कुणीतरी आत आलं आणि विचारलं, "बाई, म्हाताऱ्याचा फोटू करायचाय, कोटातला. करता न्हवं?"

"बसा," वृषाली म्हणाली, पण माऊस तिनं बराच वेळ तिथून हलवला नाही.